ऊन किती लागले?

साखरखेर्ड्याहून व्याह्यांचं कार्ड आलं ते शाळेच्या पत्त्यावर. त्यामुळे महादेवराव हेडमास्तरांच्या हाती पडण्याआधी ते टपालाचं काम बघणारा दुकानदार, दोन असिस्टंट मास्तर आणि चौथीतली तीन हुशार मुलं यांचं वाचून झालं होतं. मोताळ्यात कार्ड म्हणजे खाजगी पत्र असा कुणाचाच गैरसमज नव्हता. उलट हेडमास्तर ते वाचत असताना सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मजकूर माहीत होता. बघायचा होता परिणाम.

"अखजीच्या दिवशी नातवाले आपल्या पाळण्यात घालावं, असं आमच्या आईनं मनात धरलं हाये," असं उकंडरावांनी लिहिलं होतं. "आई आता थकली. तरी अखजीच्या आदल्या दिवशी सूनबाई अन् लेकरू इथं पोचलं पाह्यजे. चिखलीपासून आपली दमणी राहील. तान्हं लेकरू दिवस बुडाल्यावर रस्त्यावर ठेवू नये. लेकराले ऊन लागू देऊ नये. बाकी क्षेम."

अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, वैशाखात येते. वैशाखात, दिवसाउजेडी, मोटरीनं आणि मग पाच-सहा तास बैलांच्या दमणीनं, ऊन न लागता साखरखेर्ड्याला कसं यायचं, ते कार्डात नव्हतं. जागाही उरली नव्हती.

घरी महादेवरावांनी कार्ड मोठ्यानं वाचलं. मनकर्णाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"ऊन लागू देऊ नये, असं लिवलं का त्याईनं?"

"हो."

"बरं केलं. त्याईले कोनी सांगतलं असन."

हा बाण एकवीस वर्षांचा होता. एकवीस वर्षांपूर्वी, आता बाळंतपणाला माहेरी आलेली लेक विमल स्वतः सहा महिन्यांची असताना, महादेवरावांनी तिला जळगावच्या जत्रेहून भर दुपारी आणलं होतं. 'दोन-तीन तासांचा तर रस्ता' असं म्हणून आणलं होतं. नंतर तीन दिवस पोरीनं डोळे उघडले नव्हते. चौथ्या दिवशी उघडले. पण त्या तीन दिवसांत मनकर्णाबाई नवऱ्याशी जे बोलल्या नव्हत्या, ते त्या तेव्हापासून दर उन्हाळ्यात थोडं थोडं बोलत आल्या होत्या. महादेवराव कधी उलट बोलले नाहीत. ते तीन दिवस त्यांच्याही लक्षात होते.

म्हणून त्यांनी ठरवलं, की ह्या खेपेला हयगय नाही. ह्या खेपेला शास्त्र.

आरोग्य खात्यानं शाळांना एक पातळ चोपडी वाटली होती. तिच्यात शेवटच्या पानावर, देवी काढण्याच्या आणि उवा मारण्याच्या मधे, बालकांच्या ऊन-निवारणाविषयी सहा ओळी होत्या. पातळ कापडातून सूर्याचे किरण आरपार जातात. सबब कापड दाट विणीचं आणि दुहेरी असावं. वरचं पांढरं, किरण परतवण्यासाठी. आतलं तांबडं, चुकून शिरलेले किरण गिळण्यासाठी. महादेवरावांनी त्या सहा ओळी तीनदा वाचल्या, फळ्यावर आकृती काढली, तिला 'बालछत्र' असं नाव दिलं आणि पाच वार कापड लागेल असा हिशेब मांडला. आकृती इतकी सुबक आली की दुसऱ्या दिवशी त्यांनी फळा पुसू दिला नाही आणि भूगोल तोंडी झाला.

बाजारात लिंबाखाली फकीर मोहम्मदचं शिलाई मशीन असे. आकृतीची नक्कल त्यानं आधी सरळ धरली, मग उलटी.

"मास्तरसाब, ये लेकराचं अंगडं हाये का मच्छरदानी?"

"दोन्ही नाही. हे शास्त्र आहे."

"हाव. पन शास्त्राले गळा कुठून काढू?"

शेजारी काजं करत बसलेली त्याची बायको नूरबी हळूच म्हणाली, "लेकराले दम घ्यायले जागा ठेवा, जी."

आकृतीत ती नव्हती. महादेवराव म्हणाले की ती दुसऱ्या आकृतीत आहे, आणि घरी जाऊन त्यांनी दुसरी आकृती काढली.

शेजारचे रामराव जंगल खात्यातून पेन्शन घेऊन आलेले होते. जंगलात तीस वर्षं सल्ला द्यायला कुणी न भेटल्यामुळे त्यांच्याकडे बराच साठा होता. ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, "काऊन मास्तर, वरून पांढरं?"

"पांढरं."

"म्हंजे कफन."

महादेवरावांनी आतलं तांबडंही सांगितलं.

"अन् आतून तांबडं? म्हंजे विधवेचं आलवण. एकाच कपड्यात मेलेला नवरा बी अन् त्याची रांड बी! आता राह्यलं काय? मी सांगतो, खिशात कांदा ठेवा. मी तीस साल ठेवला. मले कधी ऊन लागलं का?"

"बाळाच्या अंगड्याला खिसा नसतो, रामराव."

"मंग तुमच्या खिशात ठेवा. आजोबाच हाये ना तुमी."

खरी अडचण मात्र पुढेच होती. लढाईचं सहावं वर्ष चालू होतं आणि कापड कंट्रोलात गेलं होतं. गावच्या कंट्रोलच्या दुकानात जादा कापडाच्या परमिटाचे दोन रकाने होते: लग्न आणि मयत. नवरी असेल तर कापड. प्रेत असेल तर कापड. मूल जिवंत आहे, त्याचं लग्नही ठरलेलं नाही आणि तरी त्याला कापड पाहिजे, अशी वेळ सरकारनं कल्पिलेली नव्हती. दुकानदार चांगला माणूस होता. तो म्हणाला, "मास्तर, पोराचं लगन लावून टाका. बाहुलीशी लावा. मी लिवतो." महादेवरावांनी सत्यावर दोन वाक्यं सांगितली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी खास अर्ज करायचं ठरवलं.

ह्या एका निर्णयासाठी त्यांना वाटेतला राजूर घाट तीनदा चढावा लागला. पहिल्यांदा कंट्रोल कचेरीला सुट्टी होती. ती कशाची, हे चपराश्यालाही माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा कचेरी उघडी होती पण अर्जाचे छापील कागद संपले होते, आणि कोऱ्या कागदावरचा अर्ज कोरा धरला जाईल, असं सांगण्यात आलं. तिसऱ्यांदा कागद मिळाला.

सव्वीस वर्षं महादेवराव मुलांना अर्जलेखन शिकवत आले होते. विषय थोडक्यात, ठळक, अधोरेखित असावा, हा त्यांचा आग्रह. त्यांनी टाक झटकला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'विषय : ऊन व तान्हे बालक. मागणी : पाच वार.' खाली दोन पानं कारणं. दुसऱ्या पानावर किरणांची आकृती.

आता वऱ्हाड जोडलेलं मध्य प्रांताला. मध्य प्रांताचा अर्धा भाग बोलतो हिंदी, आणि सरकार माणसांच्या बदल्या करताना कोण काय बोलतो हे विचारत नाही. कंट्रोलचे इन्स्पेक्टर सागरकडचे होते. मराठी वाचून देणारा कारकून बहिणीच्या लग्नाला गेला होता. पण इन्स्पेक्टरांचं त्यावाचून अडलं नाही. मराठी ही हिंदीच आहे, जरा थकलेली, असं त्यांचं मत होतं, आणि लिपी तर एकच. त्यांनी विषय वाचला. खालची दोन पानं वाचली नाहीत. कुणीच वाचत नाही. विषय त्यासाठीच असतो.

आठ दिवसांनी चपराशी शाळेत आला. गाठोडं त्यानं टेबलावर ठेवलं तेव्हा टेबल करकरलं. वरच्या कागदावर होतं: 'बच्चे के लिए ऊन, पाँच गज, मंज़ूर. ऊन शेष न होने से बदले में फ़ौजी कंबल, नग एक.'

महादेवरावांनी सुतळी सोडली. काळपट खाकी, काट्यासारखी टोचणारी, जिवंत मेंढरासारखी वास मारणारी कांबळ टेबलभर पसरली. बाहेर एकशे दहा डिग्री ऊन होतं. चौथीचा वर्ग उभा राहून बघत होता.

गावात बातमी जायला घंटा व्हावी लागली नाही. संध्याकाळी रामराव ओट्यावर आले. "वैशाखात हिवाळ्याची तयारी! दूरदृष्टी हाये बा आमच्या मास्तरले." मनकर्णाबाईंनी कांबळ दोन बोटांनी उचलून पाहिली, खाली सोडली आणि हात धुवायला गेल्या. महादेवरावांना ते बोलण्यापेक्षा लांबलचक वाटलं.

चौथ्यांदा घाट चढून ते इन्स्पेक्टरांपुढे उभे राहिले. साहेब भला माणूस. त्यांनी आधी माठातलं पाणी दिलं, मग अर्ज काढला.

"आप ही ने लिखा है न? ऊन."

"ऊन म्हणजे सूर्याचं ऊन, साहेब!"

साहेबांनी विचार केला. "भेड़ का ऊन होता है, मास्टरजी. सूर्य का ऊन हमने नहीं सुना."

महादेवरावांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. पलीकडे पांढरंफटक अंगण जळत होतं.

"वह तो धूप है."

"आम्ही त्यालाच ऊन म्हणतो."

"अच्छा! तो फिर ऊन को क्या कहते हैं?"

"लोकर."

साहेबांनी अर्जावरून बोट फिरवलं, शेवटपर्यंत. "लोकर तो आपने कहीं लिखा ही नहीं."

 लिहिलं नव्हतं हे खरं होतं. कांबळ परत घेता येत नव्हती, कारण मंजूर झालेली वस्तू परत घेण्याचा रकाना नव्हता. आणि दुसरं कापड देता येत नव्हतं, कारण त्या बालकाच्या नावे तीन महिन्यांचं कापड चढून गेलं होतं. उलट साहेबांनी एक छापील कागद हातावर ठेवला. महिन्याच्या आत कळवायचं होतं, की मंजूर माल मंजूर माणसालाच लागला. "बच्चे को ही लगना चाहिए," साहेब मायेनं म्हणाले.

अखजीच्या आदल्या दिवशी पहाटे निघताना महादेवरावांनी कांबळ बरोबर घेतली. का घेतली, हे त्यांना सांगता आलं नसतं. सरकारी वस्तू घरी एकटी कशी ठेवायची, असं ते म्हणाले. रामरावांनी वेशीपर्यंत येऊन त्यांच्या कोटाच्या खिशात दोन कांदे घातले.

बेत असा होता, की सहाच्या मोटरीनं नऊला चिखली आणि उन्हं चढायच्या आत निम्मा रस्ता. पण पेट्रोल लढाईवर गेलेलं, आणि मोटर कोळशाच्या धुरावर चालणारी. राजूर घाटाच्या दुसऱ्या वळणावर तिनं दम टाकला. ड्रायव्हर पंख्यानं भट्टी फुलवत बसला आणि उतारूंनी मोटर ढकलली. महादेवरावांनी हा घाट महिन्यात पाचव्यांदा चढला, आणि ह्या खेपेला मोटरीसकट. चिखलीला उतरले तेव्हा बारा वाजून गेले होते.

उकंडरावांची दमणी उभी होती. बैल देखणे, गाडीवान निवृत्ती तरतरीत, आणि दमणीवर बांबूच्या चार कमानी. नुसत्या कमानी. वरचं छप्पर नव्हतं.

"कापड?" महादेवरावांनी विचारलं.

"फाटलं ना मागच्या साली. नवं कंट्रोलात अडकलं, जी."

थांबावं तर दिवस बुडेल. निघावं तर डोक्यावर वैशाख. विमलनं बाळाला पोटाशी धरलं आणि बापाकडे पाहिलं. मनकर्णाबाईंनीही पाहिलं. मग त्यांनी बोचक्यातून आपलं जुनं, धुऊन धुऊन साय झालेलं पांढरं लुगडं काढलं आणि कमानींवर टाकलं. कोणतीही चोपडी न वाचता ते त्यांनी निघतानाच बांधून घेतलं होतं. लुगडं पातळ होतं. शास्त्रात म्हटल्याप्रमाणं किरण आरपार येत होते.

मैलभर गेल्यावर बाळ रडायला लागलं. मग रडायचं थांबलं.  महादेवरावांनी आत वाकून पाहिलं. चेहरा लालबुंद, ओठ कोरडे, डोळे अर्धवट मिटलेले. एकवीस वर्षांपूर्वी विमलचे असेच मिटले होते.

"निवृत्ती, गाडी थांबव!"

"थांबून काय होईन? झाड नाई इथं." निवृत्तीनं मागं वळून गाठोड्याकडे पाहिलं. "ते काय हाये, जी? कांबळ? मंग बांधून कायले ठेवली? आमी घागरीले वलं पोतं गुंडाळतो, पानी गार राह्यते. ते इहिर दिसून राह्यली ना, तिथं कांबळ वली करा अन् टाका वरून."

महादेवरावांनी गाठोडं खांद्यावर टाकलं. विहिरीवर बादली होती, पण उन्हाळ्यानं पाणी खाली गेलेलं आणि दोर दोन हात तोकडा. त्यांनी डोक्यावर हात नेला. व्याह्यांकडे जायचं म्हणून खास काढलेला, गुलाबी रंगाचा नवा फेटा होता. उघड्या डोक्यानं व्याह्यांच्या दारात जाणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी तो सोडला आणि दोराला गाठ मारली.

भिजलेली कांबळ दोघांना उचलेना. लुगड्यावरून ती कमानींवर चढवली, तशी दमणी खाली बसल्यासारखी झाली आणि बैलांनी मान वळवून बघितलं. पण वारा सुटला, भट्टीतल्यासारखा, आणि कांबळीतून आत शिरताना गार झाला. थोड्या वेळानं आतून विमलचा आवाज आला, "बाबा, पितोय हो."

कांबळ अर्ध्या तासात वाळायची. मग बादली. विहीर, नाही तर डबकं, नाही तर कुणाच्या मळ्यातली मोट. महादेवराव गाडीत बसले नाहीत. दर फर्लांगाला तांब्या मारायला खालीच बरं पडत होतं. ओला फेटा त्यांनी सावलीत वाळेल म्हणून आत लुगड्याखाली अडकवला, आणि नव्या फेट्याचा रंग लुगड्यावर उतरत गेला. ह्याप्रमाणे बाळाच्या डोक्यावर आत तांबडं, आणि वर काय असेल ते, असं शास्त्रोक्त दुहेरी कापड अखेर झालं. पण ते पाहायला महादेवरावांची नजर ठिकाणावर नव्हती. रस्ते त्यांना दोन दिसत होते. खिशातले कांदे शिजले असावेत, असा वास येत होता.

"अहो, बसा ना वर," मनकर्णाबाई दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा ओरडल्या.

"बाळाला ऊन लागतंय का?" ते म्हणाले.

"नाई लागत! तुमी बसा!"

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि चालत राहिले.

दिवे लागायच्या आत दमणी साखरखेर्ड्यात शिरली. दारात उकंडराव, शेजारपाजार, आणि खुर्चीवर बसवून आणलेली त्यांची आई झुंबरबाई. तिचे डोळे गेलेले. तिनं हातानंच बाळ पाहिलं. बाळ गार, टुकटुकीत, अंगाला मेंढराचा वास आणि नाकगालांवर गुलाबी रंग.

"गुलाल लावून आनलं का व्याह्यांनी?" उकंडराव खूश होऊन म्हणाले.

"मडक्यावानी गार हाये माय!" म्हातारी म्हणाली आणि तिचा हात चाचपडत पुढे आला. तो महादेवरावांच्या उघड्या कपाळावर पडला. चटका बसल्यासारखा तिनं मागं घेतला. "अन् हे व कोन तापलं?"

ह्याचं उत्तर द्यायला महादेवराव वाकले, आणि वाकलेलेच राहिले. उकंडरावांनी आणि निवृत्तीनं त्यांना घरात नेलं. व्याह्यांच्या दारातला त्यांचा प्रवेश हा असा, दोघांच्या हातांवरून, बोडक्या डोक्यानं झाला. अखजीला बाळ पाळण्यात पडलं आणि आजोबा पडवीत. तीन दिवस कैरीचं पन्हं, तळपायाला कांद्याचा रस. तीन दिवस त्यांनी डोळे उघडले नाहीत.

चौथ्या दिवशी उघडले तेव्हा उशाशी मनकर्णाबाई होत्या. किती वेळ होत्या, कोण जाणे.

"नातवाचं ऊन तुमी घेतलं," त्या म्हणाल्या. "आता जळगावच्या जत्रेचं मी कधी काढनार नाई."

महादेवरावांनी डोळे पुन्हा मिटून घेतले. असा क्षण फार हलवू नये, एवढं संसारानं त्यांना शिकवलं होतं. वचन मनकर्णाबाईंनी पाळलंही. त्या उन्हाळ्यापासून त्यांनी जत्रेचं काढलं नाही. फेट्याचं काढू लागल्या.

मोताळ्याला परतल्यावर तो छापील कागद भरायचा राहिला होता. हातात अजून जोर नव्हता आणि कारकुनी करायची इच्छा तर मुळीच नव्हती. पहिला रकाना होता: 'बच्चे को ऊन कितना लगा?' महादेवरावांनी खरं ते लिहिलं: 'मुळीच नाही.' दुसरा रकाना: 'तो किसे लगा?' त्यांनी लिहिलं: 'मला.' तिसरा: 'कितना?' त्यांनी टाक पुन्हा बुडवला आणि लिहिलं: 'फार.'

पंधरा दिवसांत नोटीस आली. बच्चे के नाम पर मंज़ूर ऊन आपने स्वयं को क्यों लगने दिया, इसका खुलासा आठ दिन में करें.

तो कागद घेऊन महादेवराव ओट्यावर बसले. पुन्हा घाट चढून साहेबांपुढे उभं राहून भेड़ आणि सूर्य करण्याचं त्राण त्यांच्यात नव्हतं. आतून मनकर्णाबाईंनी विचारलं, "काय इचारून राह्यले ते?"

त्यांनी वाचून दाखवलं.

"बरोबरच तर इचारून राह्यले," त्या म्हणाल्या. "काऊन लागू देलं?"

महादेवरावांनी टाक घेतला आणि खुलासा एका ओळीत लिहिला: 'बालकास लागू नये म्हणून.'

नोटीस शेऱ्यासह परत आली. साहेबांचं अक्षर सुरेख होतं. 'खुलासा सन्तोषजनक. आगे से ऊन बच्चे को ही लगने दिया जाए.'